अर्थ न लागणारी गाडी

गेल्या वैशाखात आमच्या आमोण्याच्या अंगणात चाकांवरचे एक घर येऊन उभे राहिले.

आमचे साडू इंदूरचे. होळकरांच्या काळात त्यांचे घराणे माळव्यात गेले आणि तिकडचेच झाले. तरी कुलदैवत म्हार्दोळची महालसा, आणि दर चार-पाच वर्षांनी तिची ओटी भरायला गोव्यात यायचे हा नेम त्यांनी सोडलेला नाही. एरवी ही मंडळी आगगाडीने येत. या खेपेस त्यांच्या चिरंजीवाने बारा आसनांची एक प्रवासी गाडी घेऊन, आतली आसने काढून, तिचे घर करविले होते. दोन बिछाने, शेगडी, छोटा फ्रीज, दोन पंखे, मिक्सर, आणि टपावर सूर्यप्रकाशावर वीज देणारा पत्रा. ऐंशी ओलांडलेल्या आजींना धर्मशाळेचे जिने चढवत नाहीत, बाहेरचे खाणे पथ्याला चालत नाही, म्हणून हा खटाटोप. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मी वर्गात तीस वर्षे शिकवीत आलो. ते बिऱ्हाड प्रत्यक्ष पाहण्याचा योग तेव्हा आला.

तसे गोव्याला हे दृश्य अगदीच नवे नव्हे. १९५० साली जर्मनीत फोक्सवॅगनची खोक्यासारखी गाडी निघाली आणि लवकरच तीत बिछाने व कपाटे बसवून लोक देशोदेशी हिंडू लागले. साठ-सत्तरच्या दशकांत लंडनहून निघून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली असे करीत अशा गाड्या थेट हणजूणच्या माडांखाली येऊन थांबत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तो खुष्कीचा मार्ग बंद पडला. लहानपणी हणजूणच्या वाटेवर मी त्यांतली एक गाडी पाहिली होती. एक दाढीवाला गोरा मनुष्य तिच्या मागच्या झाकणात डोके खुपसून बसला होता आणि त्याची बायको चुलीवर भात शिजवीत होती. तो काय शोधीत असावा, याचा अंदाज मला गेल्या वर्षी आला.

आता आपल्याकडेही या फिरत्या घरांचे दिवस आले आहेत. २०२१ मध्ये महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथल्या आपल्या वाचकांपैकी कोणी अशी गाडी घेण्याच्या विचारात असेल, तर पुढील हकीकत त्याने अवश्य वाचावी. मी मराठीचा शिक्षक; विजेतले मला फारसे कळत नाही. जे कळले ते आजींच्या रक्तातल्या साखरेमुळे कळले.

झाले असे. आजींना मधुमेह, रोज इन्शुलिन घ्यावे लागते. इंदूरहून निघताना दीडशेच्या आसपास असलेली साखर वाटेतच चढू लागली आणि आमच्याकडे आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती ३४० भरली. प्रवासाचा शीण म्हणावा, तर खाणे मोजके, औषध वेळच्या वेळी. डिचोलीच्या डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “इन्शुलिन कुठे ठेवता?” गाडीतल्या फ्रीजमध्ये. “तो रात्रभर चालतो का?” यावर साडूंचे चिरंजीव चाचरले. न उघडलेली इन्शुलिनची बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते; उघडलेली बहुतेक प्रकारांत तीस अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकते. वैशाखात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत तापमान कोठे जाते, हे कोणी सांगावयास नको. डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या टाकावयास लावल्या. नव्या आणून आम्ही आमच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि साखर दोन दिवसांत उतरणीला लागली.

मौज अशी, की हा फ्रीज बिघडलेला कोणाला दिसलाच नव्हता. पहाटे तीनच्या सुमारास तो बंद पडे, आठ वाजता गाडी सुरू झाली की पुन्हा चालू होई, आणि दहाला कोणी दार उघडले तर आत गार लागे. दुपारी देऊळ पाहायला मंडळी उतरली की पुन्हा तोच प्रकार. पंखे मंद होतात, इन्व्हर्टर मध्येच शिट्टी घालतो, एवढे मात्र सर्वांच्या ध्यानात आले होते. त्यावर चिरंजीवाने पुण्यात नवी बॅटरी बसविली आणि कोल्हापुरात इन्व्हर्टर बदलला. तो संगणक अभियंता. त्याने मला वहीत हिशेबही मांडून दाखविला. फ्रीज ४५ वॅटचा, निम्मा वेळ चालतो, म्हणजे सरासरी दोन अँपिअर. पंखे दोन अँपिअर. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी एक. नऊ तासांची रात्र धरली तर ४५ अँपिअर-तास. बॅटरी शंभरची, शिशाच्या बॅटरीतून निम्म्यापर्यंतच वीज काढावी असा दंडक आहे, म्हणजे पन्नास हाताशी. “काका, पुरायलाच पाहिजे ना!” तो म्हणाला. गणितात मलाही चूक सापडेना.

तेव्हा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावणे धाडले. तो डिचोलीच्या बाजूला गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. शाळेत त्याला ‘खालील ओळींचा अर्थ स्पष्ट करा’ या प्रश्नात पाचांपैकी दोनांवर गुण कधी पडले नाहीत. पण खनिजाच्या टिपर ट्रकांवर त्याचा हात बसला, आणि विशेष म्हणजे, त्यातले खरे शिक्षण त्याला खाणी बंद पडल्यावर मिळाले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबविले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने. मध्ये काही काळ ते सुरू झाले आणि मार्च २०१८ पासून पुन्हा थांबले. या पट्ट्यातले ट्रक वर्षानुवर्षे दारांत उभे राहिले. पळणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी अधिक बिघडते. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाच्या क्षाराचे कठीण कवच धरते आणि मग ती कितीही भरली तरी भरत नाही. डिचोली तालुक्यात २०२४ मध्ये खाणकाम पुन्हा सुरू झाले, तेव्हा उठविलेल्या कित्येक ट्रकांना आधी याच्याकडे यावे लागले.

तो आला तो हातात एक मीटर आणि दोन तारा जोडलेला एक लहानसा दिवा घेऊन. आल्या आल्या त्याने पहिले काम केले ते गाडीत न चढण्याचे. चिरंजीवाने गाडीसाठी आमच्या पडवीतल्या प्लगातून वीज घेतली होती. त्या दिवशी सकाळीच आमच्या सौभाग्यवतींना ओल्या पायांनी गाडीच्या दाराची कडी धरताच हाताला मुंग्या आल्या होत्या. तो प्लग जुना, दोनच छिद्रांचा. त्यात अर्थिंग नाही. गाडीतल्या चार्जरमधून अंशमात्र वीज पत्र्यावर उतरली, तर तिला जमिनीत जायला वाटच नव्हती. गाडी रबरी चाकांवर उभी. वाट मिळाली ती माणसाच्या पायांतून. त्याने प्लग उपटून वायर गुंडाळून ठेवली. तीन पिनांचा, अर्थिंग तपासलेला मोठा प्लग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच असल्याखेरीज कोणाच्याही घरातून गाडीला वीज घेऊ नये, असे त्याने बजावले.

मग त्याने प्रश्न विचारावयास सुरुवात केली. काय बिघडले, हे त्याने एकदाही विचारले नाही. केव्हा बंद पडते? गाडी चालताना कधी पडते का? मिक्सर लावला की दिवा मंदावतो का? बॅटरी बदलल्यावर किती दिवस बरे वाटले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘एक रात्र’ असे मिळताच तो जरा हसला. “आज रात्री नेहमीसारखेच सगळे चालू ठेवा,” तो म्हणाला, “मी पहाटे येतो.” आमच्या साडूंना हे पटले नाही. त्यांच्या मते कारागीर आला की त्याने काहीतरी उघडले पाहिजे. मी मात्र या गृहस्थाला वर्गात इतका विचारात पडलेला कधी पाहिला नव्हता, म्हणून गप्प राहिलो.

पहाटे त्याने बॅटरीला मीटर लावला. शिशाची बॅटरी हे यंत्र काही आजचे नव्हे. १८५९ मध्ये प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते बनविले. तिला बारा व्होल्टची म्हणतात खरे, पण पूर्ण भरून काही तास शांत राहिल्यावर ती १२.७ च्या आसपास दाखविते, निम्मी रिती झाली की १२.२, आणि विसाव्याच्या स्थितीत १२ च्या खाली गेली म्हणजे उपाशी. आमच्या पाहुण्यांची बॅटरी ११.८ वर होती. आता गाडी सुरू करावयास सांगून त्याने इंजिनाच्या बॅटरीवर मीटर धरला: १४.२. हे योग्य, इंजिन चालू असता भरणीचा दाब साधारण तेवढाच असावा लागतो. तोच मीटर मागच्या, घराच्या बॅटरीवर नेला: १३.१.

अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी घरासाठी. इंजिन चालू असतानाच एक रिले दोहोंना जोडतो, जेणेकरून रात्रीच्या पंख्यांनी सकाळची गाडी अडू नये. पुढे १४.२ आणि मागे १३.१. मधले १.१ व्होल्ट वाटेत कोठेतरी हरवत होते. नवी बॅटरी असो वा जुनी, तिच्या तोंडी पुरता घास जातच नव्हता. दिवसभर गाडी चालली तरी ती अर्धपोटीच राहायची, आणि रात्री ४५ अँपिअर-तास मागणाऱ्या वहीतल्या हिशेबाला जागा उरत नव्हती.

त्याने मीटरची एक तार घराच्या बॅटरीच्या ऋण टोकाला धरली आणि दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्याला. तेथे शून्याच्या जवळपास दिसावयास हवे होते. दिसले जवळजवळ अर्धा व्होल्ट. मग मान वर करून तो आमच्या कोंकणीत म्हणाला, “सर, बॅटरी बरी आसा. अर्थ लागना!”

मी क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिलो. मराठीत एम. ए. केलेल्या मनुष्याला हे वाक्य आयुष्यात पुष्कळदा म्हणावे लागलेले असते. पण ते त्या अर्थाने नव्हे. गाडीत प्रत्येक दिव्याला दोन तारा ओढीत नाहीत. येणारी वीज तारेतून येते आणि परतताना गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाते. त्या सांगाड्यालाच हे कारागीर ‘अर्थ’ म्हणतात, जमिनीशी त्याचा संबंध असो वा नसो. परतीची ही वाट अडली की येणाऱ्या वाटेवर कितीही नवे सामान बसवा, दिवा मंदच लागणार. बिछान्याखालची फळी काढल्यावर ती जागा सापडली. ऋण टोकाची जाड तार पत्र्याला एका बोल्टाने आवळली होती, पण रंग न खरवडताच. रंगावर बसलेल्या वॉशरच्या कडेने पाणी शिरून खाली तांबूस गंज धरला होता. वरून पाहता बोल्ट घट्ट आणि चकचकीत.

पत्रा नाण्याएवढा घासून पांढरा केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन थापले. या कामाला पंधरा मिनिटे आणि नगण्य खर्च लागला. मागचा दाब १३.५ च्या वर गेला. उरलेली तूट तारेच्या बारीकपणाची होती. पुढून मागे सहा मीटर लांब गेलेली तार चार चौरस मिलिमीटर जाडीची होती. २५ अँपिअरला तीत साधारण ०.६५ व्होल्ट खपतात. तेथे सोळाची घातली की हे नुकसान चौथ्या हिश्शावर येते. ओमचा नियम १८२७ पासून पुस्तकात आहे. आमच्या शाळेतही तो शिकवितात आणि मुले त्रिकोण काढून पाठ करतात. पण त्रिकोणातला ‘रोध’ म्हणजे बिछान्याखालचा गंजका बोल्ट, हे मुलांना कोणी दाखवीत नाही. यात माझाही दोष आहेच.

येथवर प्रकरण खर्चाचे आणि गैरसोयीचे होते. पुढचे मात्र सांगताना अजून अंगावर काटा येतो.

सोळाची तार नेण्यासाठी त्याने आजींच्या उशाकडचे लाकडी अस्तर सोडविले. आतून इन्व्हर्टरकडे जाणारी तार करपून तपकिरी झाली होती. एका ठिकाणी तिचे रबर मऊ होऊन लाकडाला चिकटले होते आणि लाकूड काळे पडले होते. तेथून हातभर अंतरावर गॅसची नळी. हा प्रताप मिक्सरचा. ७५० वॅटचा मिक्सर घरात २३० व्होल्टवर जेमतेम सव्वातीन अँपिअर घेतो. तोच इन्व्हर्टरमधून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालविला की बॅटरीतून सत्तरच्या घरात प्रवाह निघतो. दाब कमी तितका प्रवाह अधिक, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. हणजूणला मी पाहिलेल्या त्या जुन्या गाड्यांत तर साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बॅटरीच सहा व्होल्टची असे. तेवढ्याच दिव्याला दुप्पट प्रवाह लागे, आणि प्रत्येक गंजक्या जोडाचा दंड दामदुप्पट. त्या दाढीवाल्याचे डोके झाकणात का होते, ते हेच असावे.

पण प्रवाह वाढला तर फ्यूज जळावयास हवा होता. तो प्रवासाच्या पहिल्याच दिवशी दोनदा जळलाही होता. तिसऱ्यांदा जळू नये म्हणून वाटेत कोणी सद्भावनेने त्याच्या जागी तांब्याच्या तारेचे पाच-सहा पदर पिळून घातले, आणि सगळ्यांना बरे वाटले. माझ्या विद्यार्थ्याने ते पदर चिमट्याने उपसून साडूंच्या तळहातावर ठेवले. बोलला काहीच नाही. फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठी असतो, यंत्राच्या नव्हे. तो तारेच्या कुवतीचा निवडावा लागतो आणि बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा लागतो, कारण फ्यूजच्या अलीकडची तार उघडी पडली तर तिला अडविणारे कोणी नसते. आजी त्या अस्तराला डोके लावून सहा रात्री झोपल्या होत्या. त्यांना आम्ही हे अजूनही सांगितलेले नाही, आणि त्या हे मासिक वाचीत नाहीत अशी आशा आहे. चष्मा सापडला तर वाचतात.

फ्रीजचा आणखी एक लहानसा जोड, नुसता पिळून पट्टी गुंडाळलेला, फ्रीजच्या पाठीमागे मिळाला. असले फ्रीज दाब ठराविक मर्यादेखाली गेला की बॅटरी मरू नये म्हणून स्वतःच बंद पडतात. या जोडामुळे बॅटरीपाशी १२ व्होल्ट असताना फ्रीजला ११ च्याही आत मिळत होते. म्हणजे तो खोटे बोलत नव्हता. त्याच्यापर्यंत बातमीच चुकीची जात होती. बारीक तार काढून चार चौरस मिलिमीटरची घातली आणि जोड पक्क्याने दाबून बसविला.

चिरंजीवाने मग वही उघडून पुष्कळ विचारून घेतले. त्यातले मला समजले तेवढे देतो. बॅटरी सोडविताना ऋण टोक आधी सोडावे आणि लावताना शेवटी लावावे. उलट केले आणि धन टोकावरचा पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी उडून डोळा जायचा. टोकांवर पांढरा-हिरवट बुरा आला तर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावा. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून ऋण टोक मोकळे ठेवावे. टपावरचा पत्रा धुवावा. आमच्याकडच्या तांबड्या धुळीचा थर त्यावर आठवड्यात बसतो. झाडाच्या सावलीचीही गंमत आहे: पत्र्याच्या एका कोपऱ्यावर आंब्याच्या फांदीची छाया पडली तरी वीज त्या कोपऱ्यापुरती न घटता पुष्कळच घटते. पाहुण्यांची गाडी आल्यापासून आमच्या मानकुरादच्या सावलीत उभी होती. आजींना गारवा हवा, पत्र्याला ऊन हवे. तो तंटा तुटला नाही.

हल्ली लिथियमच्या बॅटरीचा बोलबाला आहे. ती हलकी असते आणि तिच्यातून ऐंशी टक्क्यांपर्यंत वीज काढता येते. पण ती इतक्या आधाशीपणाने भरून घेते की मध्ये योग्य चार्जर नसेल तर इंजिनावरचा आल्टरनेटर तापून जातो. आणि शून्य अंशाखाली ती भरू नये, हे लडाखला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. “आधी अर्थ, मग लिथियम,” असे त्याने चिरंजीवाला सांगितले. या वेळी मी दोनही अर्थ घेतले.

गाडी नीट झाल्यावर तीन रात्री तिची परीक्षा घेतली. पहाटे उठून मीटर लावण्याचे काम माझ्याकडे होते. १२.३, १२.३, १२.४. फ्रीजमध्ये आम्ही बाटलीऐवजी एक तापमापक ठेवला होता. तो पाच अंशांवरून हलला नाही. चौथ्या दिवशी आजींनी म्हार्दोळला जाऊन ओटी भरली, आणि मंडळी इन्शुलिन परत गाडीत घेऊन गोकर्णाच्या दिशेने निघाली. मिक्सर मात्र आमच्याच घरी ठेवून गेली. खोबऱ्याची चटणी सौभाग्यवतींनी रगड्यावर वाटून डब्यात भरून दिली. आजींच्या मते तीच अधिक रुचकर झाली होती.

मजुरी विचारली तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने सामानाचे पैसे घेतले, श्रमाचे अर्धे, आणि करपलेल्या तारेचा तो वीतभर तुकडा मागून घेतला. तो आता त्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. एखादे फिरते घर दुरुस्तीला आले की तो आधी मालकाला तो तुकडा दाखवितो आणि मग मीटर बाहेर काढतो.